म्हाडाच्या लॉटरीत नंबर लागला... आता धंद्याचं काय?



मागच्या बॅचमधल्या एका ताईंचा रात्री साडेनऊला फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "सर, नंबर लागला!"

मला वाटलं, मशीनचं कर्ज मंजूर झालं. कारण महिनाभरापूर्वीच आपण त्यांचा प्रकल्प अहवाल तयार करून दिला होता. मी अभिनंदन करायला लागलो तर म्हणाल्या, "नाही हो सर, म्हाडाचा. पुण्याला. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी लागलंय आम्हाला."

आणि मग हळूच म्हणाल्या, "पण सर, मशीनचे पैसे आता तिकडं जातील ना?"

मित्रांनो, हा प्रश्न एकट्या ताईंचा नाही. आपल्या जिल्ह्यातले कितीतरी जण एका हाताने धंद्याची तयारी करतात आणि दुसऱ्या हाताने म्हाडाचा अर्ज भरतात. दोन्ही स्वप्नं चांगली आहेत. अडचण एवढीच की दोन्हींसाठी पैसा एकाच डब्यातून येतो. व्हिडिओत वेळ कमी पडला म्हणून सगळा हिशोब इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

आधी समजून घ्या: लॉटरीत नेमकं काय लागतं?

"लॉटरी" म्हटलं की डोक्यात बक्षीस येतं. तिकीट घेतलं, नंबर आला, पैसे मिळाले. म्हाडाच्या सोडतीत उलटं आहे. नंबर लागला की पैसे मिळत नाहीत, पैसे भरायची वेळ येते. तुम्हाला मिळते ती बाजारभावापेक्षा साधारण कमी किमतीत घर विकत घेण्याची संधी. कागदपत्रं आणि पात्रता झाली, देकार पत्र हातात पडलं, की ठरलेल्या दिवसांत पैसे उभे करायचे. त्या दिवसांत तुमचा धंदा काय म्हणतोय, हंगाम आहे की मंदी आहे, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं.

दुसरी गोष्ट. आपला अहिल्यानगर जिल्हा म्हाडाच्या नाशिक मंडळात येतो. नाशिक, जळगाव, धुळे आणि नंदुरबारही त्यातच. पण सोडतीत निघणारी बरीचशी घरं "२० टक्के योजने"तली असतात. म्हणजे मोठ्या प्रकल्पात बिल्डरने २० टक्के घरं अल्प आणि अत्यल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची. ही अट १० लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिकांना लागू आहे. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहर होतं जवळपास १४ लाख ८६ हजारांचं आणि आपलं नगर शहर साडेतीन लाखांचं. म्हणजे या योजनेतलं घर नगरमध्ये नाही, नाशिकला किंवा पुण्याकडे निघणार.

नोकरदार माणूस बदली मागू शकतो. धंदेवाल्याने बदली कुणाकडे मागायची? म्हणून लॉटरीचा विचार आपण नोकरदारापेक्षा वेगळ्या पद्धतीने करायला हवा.

ताईंचा हिशोब, जसाच्या तसा

ताई आणि त्यांचे मिस्टर केडगावला भाड्याने राहतात. मागे दोन खोल्या, पुढे पत्र्याचं शेड. शेडमध्ये मिरची कांडप. काळा मसाला आणि चटण्या बनवून आसपासच्या वीस-बावीस किराणा दुकानांत देतात. उन्हाळ्यात आजूबाजूच्या गावांतल्या बायका मिरच्या घेऊन दारात रांग लावतात. भाडं साडेसहा हजार. दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न ४ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला ३५ हजार. गाठीला ६ लाख रुपये. सात वर्षांत साठवलेले.

पुण्याच्या घराची किंमत २० लाख. त्यांना वाटत होतं, ५ लाख आपण भरू, १५ लाख बँक देईल, झालं. मी म्हटलं, थांबा. किमतीच्या वर काय लागतं ते लिहा.

महापालिका हद्दीत दोघांच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्क ७ टक्के धरा: १,४०,०००. नोंदणी शुल्क १ टक्का: २०,०००. बांधकाम चालू असलेल्या परवडणाऱ्या घरावर जीएसटी १ टक्का: २०,०००. झाले १ लाख ८० हजार. (घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, इथे २० हजार वाचतात.) म्हणजे खिशातून ५ लाख नाही, ६ लाख ८० हजार. गाठीला ६ लाख. ८० हजार कमी. आणि अजून एक पंखाही लावलेला नाही.

मिस्टर म्हणाले, "सोनं मोडू."

मी म्हटलं, भाऊ, सोनं नंतर. आधी हप्ता बघा. १५ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षं. हप्ता येतो १३,४९६. पाच वर्षांत तुम्ही भरणार ८ लाख ९ हजार. त्यातून मुद्दल किती फिटणार माहीत आहे? जेमतेम १ लाख ७० हजार. बाकी सगळं व्याज. पाच वर्षांनंतरही १३ लाख ३० हजारांचं कर्ज डोक्यावर असतं. दोघंही गप्प झाले.

हे सांगून मला घाबरवायचं नाही. गृहकर्ज असंच चालतं, सुरुवातीची वर्षं व्याजाचीच असतात. पण म्हाडाचं घर ताबा मिळाल्यापासून साधारण पाच वर्षं विकता येत नाही. म्हणजे ज्या पाच वर्षांत धंद्याला पैशाची सगळ्यात जास्त गरज असते, त्याच पाच वर्षांत तुमचा पैसा भिंतीत कुलूपबंद असतो.

आता मशीनची बाजू

ताईंचा प्रकल्प १० लाखांचा आहे. पल्व्हरायझर, रोस्टर, पॅकिंग मशीन आणि थोडं खेळतं भांडवल. अर्ज मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात, जिल्हा उद्योग केंद्रामार्फत. महिला उद्योजक म्हणून स्वतःचा हिस्सा ५ टक्के, म्हणजे ५० हजार. अनुदान शहरी भागात २५ टक्के, म्हणजे अडीच लाख. हाच उद्योग ग्रामीण भागात टाकला तर ३५ टक्के. अनुदान लगेच हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत वेगळं ठेवलं जातं आणि मग कर्जाला जमा होतं. म्हणजे खरं फेडायचं कर्ज राहतं ७ लाख. ११ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता धरला तर १५,२२०.

आता दोन्ही हप्ते शेजारी शेजारी लिहा.

घर: १३,४९६
मशीन: १५,२२०
एकूण: २८,७१६

उत्पन्न ३५ हजार. बँक साधारणपणे उत्पन्नाच्या ४० ते ५० टक्क्यांपर्यंतच हप्ते चालवून घेते. म्हणजे १४ ते साडेसतरा हजार. एका हप्त्याला जागा आहे, दोनला नाही. गृहकर्ज आधी घेतलं की सिबिल रिपोर्टमध्ये ते दिसतं आणि मशीनच्या कर्जाची फाईल मागे पडते. उलट केलं तरी तेच. ताईंच्या मनात जो संशय होता तो बरोबर निघाला.

आणि हंगाम? फेब्रुवारी-मार्चमध्ये मिरची रोखीने घेऊन ठेवावी लागते. मागच्या वर्षी त्यांनी दीड लाखाची मिरची घेतली होती. मजुरी, वीज, पाकिटं सगळं जाऊन ४५ हजार सुटले. ते दीड लाख या वर्षी घराच्या डाऊन पेमेंटमध्ये गेले तर नुसते दीड लाख जात नाहीत, हंगाम जातो. दुकानदार मसाला दुसऱ्याकडून घेतो. आणि एकदा रॅकवरची जागा गेली की ती परत मिळवायला काय लागतं, ते धंदा करणाऱ्यालाच माहीत.

"घेऊन भाड्याने देऊ की!"

हे प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी म्हणतंच. तर तोही हिशोब करू. समजा पुण्याच्या त्या घराला ९ हजार भाडं आलं. हप्ता १३,४९६ अधिक सोसायटीचा देखभाल खर्च २ हजार, वजा भाडं ९ हजार. खिशातून दरमहा ६,४९६ जाणारच. शिवाय केडगावचं साडेसहा हजार भाडं चालूच. म्हणजे महिन्याला १३ हजार निव्वळ जागेवर.

वर ते घर भाड्याने देता येईल का, कुणाची परवानगी लागेल, हे त्या योजनेच्या माहिती पुस्तिकेत आणि वाटपाच्या अटींत बघावं लागतं. प्रधानमंत्री आवास योजनेचा लाभ घेतला असेल तर ते घर स्वतः राहण्यासाठीच दिलेलं असतं. "सगळे देतात" हे उत्तर चालत नाही. घर गेलं तर सगळे येऊन उभे राहणार नाहीत.

दुसरी बाजूही ऐका

आता कुणी म्हणेल, सर तुम्ही घराच्या विरोधात आहात. अजिबात नाही. त्याच महिन्यातलं दुसरं उदाहरण सांगतो.

पारनेर तालुक्यातला एक मुलगा. फ्रीज-एसी दुरुस्ती करतो. सहा वर्षं वाघोलीत भाड्याने राहतोय, भाडं ९ हजार. भांडवल म्हणजे चाळीस हजारांची हत्यारं, एक गॅस सिलिंडर आणि मोटरसायकल. गिऱ्हाईक सगळं वाघोली, खराडी, लोणीकंद पट्ट्यात. त्याला त्याच बाजूला घर लागलं. हप्ता त्याच्या भाड्यापेक्षा चार हजारांनी जास्त.

मी त्याला म्हटलं, डोळे झाकून घे. का? कारण त्याचा धंदा त्याच्या हातात आहे, जागेत नाही. त्याला मोठी मशीन घ्यायची नाही, माल भरून ठेवायचा नाही. घर गिऱ्हाइकाजवळ आहे. दर अकरा महिन्यांनी खोली बदलायची कटकट संपली. गुगलवर एकच पत्ता कायम राहिला. आणि उद्या दुकान टाकायचं झालं तर हेच घर तारण म्हणून उभं राहील. त्याच्यासाठी घर हीच धंद्यातली गुंतवणूक आहे.

म्हणजे प्रश्न "घर चांगलं की धंदा चांगला" असा नाहीच. प्रश्न आहे, तुमचा धंदा जागेला बांधलेला आहे की तुमच्याबरोबर चालतो? ताईंचं गिऱ्हाईक केडगावच्या शेडला ओळखतं. या मुलाचं गिऱ्हाईक त्याच्या मोबाईल नंबरला ओळखतं.

लॉटरीची घरं म्हणजे सगळीकडे झुंबड असंही नाही. मुंबई मंडळाच्या ८ ऑक्टोबर २०२४ च्या सोडतीत २,०३० घरांसाठी १ लाख १३ हजारांहून जास्त अर्जदार होते. आणि त्याच म्हाडाची विरार-बोळींजची हजारो घरं कित्येक वर्षं गिऱ्हाइकाची वाट बघत पडून होती. पाण्याची बोंब, स्टेशन लांब. शेवटी "प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य" म्हणून विकायला काढावी लागली. किंमत कमी आहे एवढ्यावर माणूस राहायला जात नाही. पाणी, रस्ता आणि रोजीरोटी लागते.

उत्पन्नाच्या दाखल्याचा सापळा

ही गोष्ट धंदेवाल्यांनी नीट वाचा.

म्हाडाचे उत्पन्न गट पती-पत्नीच्या एकत्रित वार्षिक उत्पन्नावर ठरतात आणि घर कुठे आहे त्यावर मर्यादा बदलते. मुंबई महानगर, पुणे महानगर आणि १० लाखांवरच्या शहरांसाठी अत्यल्प गट ६ लाखांपर्यंत, अल्प गट ६ ते ९ लाख, मध्यम गट ९ ते १२ लाख. उरलेल्या महाराष्ट्रात अत्यल्प गट साडेचार लाखांपर्यंत, अल्प गट साडेचार ते साडेसात लाख, मध्यम गट साडेसात ते १२ लाख.

आता आपल्यातले काही हुशार लोक काय करतात? घर स्वस्तातलं मिळावं म्हणून उत्पन्न कमी दाखवतात. मग त्याच कागदावर बँकेत कर्ज मागायला जातात. बँक म्हणते, एवढ्या उत्पन्नावर हप्ता बसत नाही. तिथे दुसरा आकडा सांगता येत नाही, कारण दोन्हीकडे एकच आयकर विवरणपत्र जातं. घरही हुकतं आणि धंद्याचं कर्जही.

खोटा दाखला तर काढूच नका. पडताळणीत सापडला तर घर रद्द होतं. त्यापेक्षा दरवर्षी विवरणपत्र भरा. लहान धंद्याला अनुमानित उत्पन्नाची सोपी पद्धत आहे: रोखीच्या उलाढालीवर ८ टक्के आणि बँकेतून-यूपीआयवरून आलेल्या उलाढालीवर ६ टक्के, किमान एवढं उत्पन्न दाखवता येतं. प्रत्यक्षात जास्त सुटत असेल तर जास्तच दाखवा. दोन-तीन वर्षांची स्वच्छ विवरणपत्रं म्हणजे तुमच्या धंद्याचं प्रगतिपुस्तक. घरालाही कामाला येतं, मशीनलाही.

व्याजाच्या अनुदानाचंही लक्षात ठेवा. सप्टेंबर २०२४ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये वार्षिक ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला जास्तीत जास्त १ लाख ८० हजारांचं व्याज अनुदान मिळू शकतं. घर ३५ लाखांपर्यंतचं, कर्ज २५ लाखांपर्यंतचं हवं आणि देशात कुठेही स्वतःचं पक्कं घर नको. रक्कम पाच वार्षिक हप्त्यांत येते. म्हणून ती डाऊन पेमेंटमध्ये धरू नका.

अर्ज भरण्याआधी सहा प्रश्न

नंबर लागल्यावर माणूस विचार करत नाही. पेढे वाटून झालेले असतात, पाहुण्यांचे फोन आलेले असतात. म्हणून हे प्रश्न अर्जाच्या आधी, घरातल्या सगळ्यांनी बसून सोडवा.

१. माझं सत्तर टक्के गिऱ्हाईक या घरापासून किती लांब आहे? रोजचं जाणं-येणं आणि पेट्रोल महिन्याला किती?

२. किंमत, मुद्रांक शुल्क, नोंदणी, जीएसटी, पार्किंग, देखभाल खर्च धरून खिशातून एकूण किती जाणार?

३. तेवढे गेल्यावर धंद्यात तीन महिन्यांचं खेळतं भांडवल शिल्लक राहतं का?

४. येत्या दोन वर्षांत धंद्यासाठी कर्ज घ्यायचं आहे का? दोन्ही हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत बसतात का?

५. या घरात माझा धंदा चालेल का? चौथ्या मजल्यावर कांडप चालत नाही. पापड वाळवायला गच्ची सगळ्यांची असते. शिवणकाम, ट्यूशन, डबे याबद्दल सोसायटीचे नियम काय आहेत ते विचारा.

६. पाच वर्षं हे घर विकता आलं नाही तर माझं काही अडेल का?

सहापैकी चार उत्तरं घराच्या बाजूने असतील तर बिनधास्त अर्ज भरा. मात्र तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल तर बाकी चार बरोबर असूनही थांबा.

आणि अर्ज स्वतः भरा, म्हाडाच्या अधिकृत संकेतस्थळावरून. म्हाडाने कुणालाही एजंट नेमलेलं नाही. "साहेबांशी ओळख आहे, घर काढून देतो" म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.

ताईंनी काय केलं?

मी त्यांना "सोडा" असं सांगितलं नाही. तो माझा अधिकार नाही. फक्त वही पुढे ठेवली. दोघं चार दिवस विचार करत होते. सासूबाई म्हणाल्या, "लागलेलं घर सोडतं का कुणी?" भाऊबंदांत चर्चा झाली. शेवटी मुदतीच्या आत त्यांनी नकार कळवला. मुदतीत कळवणं महत्त्वाचं, नाहीतर अनामत रकमेतून कपात होण्याची वेळ येते. अटी तुमच्या पुस्तिकेत वाचा.

मशीन आली. या हंगामात त्यांनी अडीच लाखांची मिरची भरली. घरमालकाने भाडं पाचशे रुपयांनी वाढवलं, तेही खरं आहे. परवा मी विचारलं, "ताई, हुरहुर वाटते का घराची?"

"वाटते की सर," त्या म्हणाल्या. "पुण्याला गेलं की त्या बिल्डिंगकडं बघणंच होतं. पण आता विवरणपत्र भरलंय. दोन-तीन वर्षांनी परत अर्ज करू. तेव्हा हप्ता मशीन भरेल."

बरोबर-चूक मी ठरवत नाही. पाच वर्षांनी पुण्यातले भाव कुठे असतील हे मला माहीत नाही, त्यांनाही नाही. पण त्यांनी निर्णय आनंदाच्या भरात घेतला नाही, आकड्यांवर घेतला. म्हणून तो काहीही निघाला तरी त्यांना पेलेल.

तुमच्यापैकी कुणाचा नंबर लागला असेल किंवा अर्ज भरायचा विचार असेल तर वरचे सहा प्रश्न सोडवा आणि तुमचे आकडे कॉमेंटमध्ये टाका. नाव नको, फक्त धंदा, उत्पन्न, घराची किंमत आणि गाव. मी शक्य तेवढ्यांचा हिशोब करून देतो. पुढच्या व्हिडिओत लहान धंद्याचं विवरणपत्र घरबसल्या कसं भरायचं ते दाखवणार आहे, तोही चुकवू नका.

भेटू पुढच्या रविवारी. धंदा सांभाळा, घरही होईल.